बेडकी उतारावरच का थांबते

मिस्त्रींना गाड्यांचा राग कधी आला नाही. राग यायचा तो गाडीला काय झालंय हे सांगायला येणाऱ्या माणसांचा.

"आवाज येतोय," असं कोणीतरी दारात उभं राहून म्हणायचं.

कसला आवाज, कुठून येतो, चढावर येतो की सपाटीवर, इंजिन गार असताना की तापल्यावर, असं मिस्त्री विचारायचे. समोरचा माणूस डोकं खाजवायचा, छताकडे बघायचा आणि शेवटी हाताने हवेत काहीतरी गोल करून म्हणायचा, म्हणजे असा, आवाजासारखा. जलशुद्धीकरण केंद्रातल्या अठ्ठावीस वर्षांत मिस्त्रींनी हा हवेतला गोल इतक्या वेळा पाहिला होता, की आता कोणी नुसता हात उचलला तरी त्यांची कानशिलं तापायची.

माणूस म्हणाल तर काडीसारखा. वजन भिजलेल्या कपड्यांसकट अठ्ठेचाळीस किलो. त्यामुळे गाडीखाली जॅक न लावताही शिरता यायचं आणि तोंड लपवता यायचं. सातवीनंतर मामाच्या गॅरेजमध्ये लागले. मामाने पहिले चार महिने पान्याला हात लावू दिला नाही. एक लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. काय ऐकू आलं ते मामाला सांगायचं. चुकीचं सांगितलं की पुन्हा ऐकायचं. त्या शिक्षणामुळे मिस्त्रींचे कान फार तयार झाले, फक्त ते माणसांच्या बाबतीत चालेनात. माणूस बोलायला लागला की दुसऱ्या वाक्याला त्यांचा धीर सुटायचा.

केंद्र डोंगराच्या पायथ्याशी. पंपघर, गाळणीच्या टाक्या, एक बुटकं ऑफिस, पांढऱ्या फरश्यांची प्रयोगशाळा आणि सगळ्यांत शेवटी पत्र्याचं वर्कशॉप. पाणी वरून यायचं, डोंगरमाथ्यावरच्या मोठ्या टाकीतून. टाकीपर्यंत जायला नऊ वळणांची खडी वाट होती. रस्ता म्हणण्याची कोणाची हिंमत नव्हती. सुटे दगड, दोन ओढे आणि सहाव्या वळणावर एक असा खडक, की साधी जीप त्याच्यावर पोट टेकून बसायची. म्हणून केंद्राने एक बुटकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली होती. दारं नाहीत, काच नाही, वर नुसता पायपांचा पिंजरा, पुढे दोन सीटं आणि मागे सामानाला हौदा. चाकं मात्र गाडीच्या मानाने दुप्पट. खडकावरून ती अशी उड्या मारत जायची, की पहिल्याच आठवड्यात तिचं नाव बेडकी पडलं. कागदोपत्री तिला लांबलचक नंबर होता, तो कोणालाच पाठ नव्हता.

बेडकी गुणी होती. तिची वाट लावली माणसांनी. ड्रायव्हर तिला धुवायचा ते पंपघरातल्या जाड पाईपने, आणि पाण्याची धार नेमकी वायरिंगच्या तोंडावर. चिखलात अडकली की चालत्या गाडीतच चारचाकी दांडा खसकन ओढायचा, आत गिअरचे दात दातांवर घासायचे आणि तो म्हणायचा, लागला एकदाचा. एअर फिल्टर दर शनिवारी झटकायचा असतो हे मिस्त्रींनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. त्या कागदावर कोणीतरी फोन नंबर लिहिला. मिस्त्रींनी नवा कागद लावला. त्याच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवला. भिंतीवरच्या कागदावर कप कसा ठेवला, हे कोडं मिस्त्रींना सुटलं नाही. बहुतेक आधी कागद काढून टेबलावर घेतला असावा आणि मग परत लावला असावा. तेवढे कष्ट घेतले, पण फिल्टर झटकला नाही.

तर अशी ही बेडकी एका मंगळवारी तिसऱ्या वळणावर बंद पडली.

त्या दिवशी तिच्यात लॅबवाल्या बाई होत्या. बाई प्रयोगशाळेत दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या. तिशीच्या, बोलायला नेमक्या, कामाला कडक. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या वर जायच्या, टाकीच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून बारा बाटल्या पाणी भरून आणायच्या आणि खाली तपासायच्या. बाकीच्या दिवशी ड्रायव्हर एकटाच ब्लीचिंग पावडरची पोती आणि पाईप घेऊन ये-जा करायचा. गाडी थांबली तशी दोघं उतरली. ड्रायव्हरने इंजिन उघडून बघितल्यासारखं केलं, परत बसून किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली. खाली आल्यावर त्याने वहीत लिहिलं : गाडी बरोबर नाही.

"बरोबर नाही म्हणजे?" मिस्त्रींनी विचारलं.

"बंद पडली."

"कशी? धडधडत, आचके देत, की एकदम?"

"बंद पडली ना मिस्त्री," ड्रायव्हर म्हणाला. "बंद पडते तशी."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि गाडी घेऊन स्वतः वर गेले. जाताना ठीक, येताना ठीक. शुक्रवारी बाई गेल्या, पाचव्या वळणावर बंद. मिस्त्री पायी चढून तिथे पोचेपर्यंत गाडी सुरू होऊन खाली यायला निघाली होती, आणि त्यांना परत पायीच उतरावं लागलं, कारण हौद्यात वरून काढलेले जुने पाईप होते.

गाडी उतारावर बंद पडते, हे एवढं त्यांनी ड्रायव्हरकडून चिमट्याने ओढल्यासारखं काढून घेतलं. उतार म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली : पेट्रोल. गाडी पुढे झुकली की टाकीतलं पेट्रोल पुढे सरकतं, मागची नळी उघडी पडते, इंजिनला हवा जाते. सरळ होतं. त्यांनी टाकी उतरवून धुतली. नळी बदलली. फिल्टर बदलला. टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, ते तारेने साफ केलं. कार्बोरेटर खोलून त्यातला पेट्रोल सोडणारा प्रत्येक बारीक जेट तोंडाने फुंकून बघितला, दोन दिवस तोंडातली पेट्रोलची चव गेली नाही. मंगळवारी बाई गेल्या. चौथ्या वळणावर बंद.

मग पेट्रोलचा पंप. मग पंपाची वायर. मग परत कार्बोरेटर, कारण आपलंच काही चुकलं असेल तर. प्रत्येक वेळी ते स्वतः गाडी वर नेऊन खाली आणत आणि बेडकी शहाण्या मुलीसारखी एकदाही न अडखळता यायची. एकदा त्यांनी ड्रायव्हरला चालवायला लावलं आणि स्वतः शेजारी बसले. तरीही काही नाही. मिस्त्रींच्या मनात यायला लागलं, की हा ड्रायव्हरच काहीतरी करतो. ड्रायव्हरच्या मनात भलतंच यायला लागलं होतं, आणि त्याने ते मनात ठेवलं नाही.

"बाईंचा पायगुण," तो पंपघरात म्हणाला. "मी रोज जातो, गाडी पळते. त्या बसल्या की बसलीच."

पंपघरातून ते गाळणीवर गेलं, गाळणीवरून ऑफिसात. कोणी बाईंच्या तोंडावर बोललं नाही. फक्त त्या पंपघरात आल्या की कोणीतरी चालू पंपावर उगीच हात ठेवून उभं राहायचं, आणि बाकीचे हसू दाबायचे. मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राला माणसाचे पाय कळत नाहीत, असं ते ड्रायव्हरला सगळ्यांदेखत बोलले. गाडी बंद पडते ती कारणाने बंद पडते, आणि कारण हाताला लागतं, असंही बोलले.

पण कारण हाताला लागेना. एक महिना झाला, दीड महिना झाला. बाई उन्हात क्रेट घेऊन दोनदा पायी उतरल्या, कारण ड्रायव्हर इंजिन उघडून खुडबुडत बसला आणि नमुने ठरलेल्या वेळेत तपासावे लागतात. केंद्राचे साहेब रोज सकाळी वर्कशॉपच्या दारात येऊन विचारायचे, "काय मिस्त्री, काही निदान?" आणि उत्तराची वाट न बघता जायचे. गाळणीवरच्या एकाने सल्ला दिला, की त्याच्या मेव्हण्याच्या मोटरसायकलला असंच व्हायचं, त्याने ती विकून टाकली. मिस्त्रींच्या नाकी नऊ आले. झोपेतसुद्धा ते जेट फुंकत होते, असं बायको म्हणाली.

अकराव्यांदा गाडी बंद पडली तो शुक्रवार होता. आदल्या दिवशी मिस्त्रींनी गाडीच्या पेट्रोल पंपाखालची रबरी गादीसुद्धा काढून बघितली होती. शुक्रवारी ते सकाळपासून खात्रीने म्हणत होते, की आज नाही पडणार. दुपारी बाई क्रेट घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या. चेहरा उन्हाने लाल, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. बारा बाटल्या फुकट गेल्या होत्या. त्यांनी क्रेट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मिस्त्री, नक्की काय तपासलं तुम्ही दीड महिना?"

प्रश्न सरळ होता. पण मिस्त्रींनी त्यात पाणउतारा ऐकला. मागे ड्रायव्हर उभा होता, गाळणीवरचे दोघं उभे होते.

"सगळं तपासलं," ते म्हणाले. "नळीपासून नटापर्यंत सगळं. गाडीत काही नाही. आता तपासायचं एकच राहिलंय बाई, ते म्हणजे तुम्ही."

ड्रायव्हर खो खो हसला.  बाईंनी क्रेट उचलला आणि तोल सावरत त्या दाराबाहेर गेल्या. मिस्त्रींना बोलल्याबरोबर कळलं होतं आपण काय बोललो, पण शब्द काही नट नव्हता, की उलटा फिरवून काढून घ्यावा.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या केंद्रात झालं, की मिस्त्रीसुद्धा तेच म्हणतात. इतके दिवस नुसती ड्रायव्हरची बडबड होती, आता तिला जाणकाराचा शिक्का बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दारात आले ते यावेळी आत येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, आपण असं करू, बाईंना वर पाठवायचंच नाही. ड्रायव्हर बाटल्या भरून आणेल. तुम्हीच म्हणालात ना, गाडीत दोष नाही.

मिस्त्री म्हणाले, ड्रायव्हर पहिल्या नळाला बाराच्या बारा बाटल्या भरेल आणि सावलीत झोपेल. खालच्या गावाला काय पाणी जातंय ते कोणाला कळणार नाही.

"मग तुम्ही सांगा दुसरा उपाय," साहेब म्हणाले.  साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आणि गेले.

घरी मिस्त्रींनी हे सगळं बायकोला सांगितलं, अर्थात स्वतःचं वाक्य गाळून. बायको शिवणाचं मशीन चालवत होती. तीस वर्षं त्या मशीनवर बसून नवऱ्याचं बोलणं ऐकल्यामुळे कुठे टाका निसटलाय हे तिला लगेच कळायचं. तिने पाय थांबवला आणि विचारलं, तुम्ही नेमकं काय म्हणालात? मिस्त्रींनी सांगितलं.

"अहो, म्हणजे तुम्हाला दोष सापडेना म्हणून तुम्ही तो माणसाला चिकटवलात," ती म्हणाली.

"चिडून बोललो."

"चिडलात ते कळलं. पण ती पोर दर वेळी गाडीत होती. तुम्ही एकदा तरी तिला विचारलंत, काय होतं म्हणून?"

मिस्त्रींनी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरचं डोकं दीड महिना खाल्लं होतं. ज्या माणसाला एक वाक्य धड सांगता येत नव्हतं त्याला शंभर प्रश्न विचारले, आणि जी बाई थेंबा-थेंबाची नोंद ठेवते तिला एकही नाही. बायकोने मशीन पुन्हा सुरू केलं. 

सोमवारी सकाळी मिस्त्री हात धुऊन प्रयोगशाळेत गेले. अठ्ठावीस वर्षांत ते तिथे नळाचा वॉशर बदलायलाच काय ते गेले असतील. भिंतीवरच्या खुंट्यांवर बाटल्या उपड्या टांगल्या होत्या. बाई काचेच्या नळीतून थेंब सोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मिस्त्री टेबलाच्या या टोकाला उभे राहिले, आणि थेंब संपायची वाट बघताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की दारात येऊन उभं राहणाऱ्याला काय वाटतं.

"गाडी कुठे कुठे बंद पडली ते सांगता का?" त्यांनी शेवटी विचारलं.

बाईंनी ड्रॉवरमधून वही काढून टेबलावर सरकवली. सगळं होतं. तारीख, वळण, वेळ, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, जाताना की येताना, सुरू व्हायला किती मिनिटं लागली. एकदम बंद पडली, आचके नाहीत, असंही प्रत्येक ओळीत लिहिलं होतं. मिस्त्रींनी ते वाचलं आणि त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. पेट्रोल तुटलं तर गाडी आचके देत बंद पडते. एकदम बंद पडते ती करंट तुटल्यावर. दीड महिना ते चुकीचं दार ठोठावत होते, आणि बरोबर उत्तर दोन भिंतींपलीकडे ड्रॉवरमध्ये पडून होतं.

मग त्यांना दोन ओळी दिसल्या ज्यांच्यापुढे काहीच खूण नव्हती.

"या दोन दिवशी नाही पडली?"

"वरची टाकी धुवायला काढली होती. बाटल्या रिकाम्या परत आणल्या."

"म्हणजे तुम्ही होतात गाडीत?"

"मी होते," बाई म्हणाल्या. "माझे पायही होते."

 मिस्त्रींनी खाली मान घालून विचारलं, भरलेला क्रेट कुठे ठेवता? मांडीवर, बाई म्हणाल्या. हौद्यात ठेवला तर बाटल्या फुटतात. भरून, बर्फाच्या थैल्यांसकट पंधरा-सोळा किलो होतो. उतारावर पुढे घसरायला होतं, म्हणून त्या सीटच्या कडेवर सरकून पाय रोवून बसतात.

"उद्या माझ्याबरोबर याल?" मिस्त्री म्हणाले. "गाडी मी चालवतो."

बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "येईन. पण माझी परीक्षा घ्यायला नेऊ नका. गाडीची घ्या."

मिस्त्रींनी साहेबांकडून एक दिवस मागून घेतला, आणि मंगळवारी दोघं वर गेली. जाताना रिकामा क्रेट बाईंच्या मांडीवर. नऊ वळणं, दोन ओढे, सहाव्या वळणाचा खडक, बेडकी तक्रार न करता चढली. बाईंनी बाटल्या भरल्या. मिस्त्रींनी क्रेट स्वतः उचलून त्यांच्या मांडीवर दिला. उतार सुरू झाला. आठवं वळण गेलं, सातवं गेलं, खडक गेला. मिस्त्रींना घाम फुटला होता, कारण आज बंद पडली नाही तर काय तोंड दाखवणार. पाचव्या वळणावर एक दगड चाकाखाली आला, गाडी उडाली, आपटली आणि इंजिन गप्प झालं.

बाई सवयीने उतरायला लागल्या.

"उतरू नका," मिस्त्री म्हणाले. "हलूसुद्धा नका. बसला आहात तशाच बसा."

त्यांनी ब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि सीटांच्या लगेच मागे असलेलं इंजिन उघडून प्लग काढला. प्लगला तार जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि वाकून हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन फिरलं. ठिणगी नाही. परत फिरवली. नाही. म्हणजे दोष पेट्रोलचा नव्हताच कधी. इतक्या वेळा गाडी बंद पडली, आणि दर वेळी पहिलं काम काय झालं, तर सगळे उतरले. उतरले की गाडी बरी व्हायची, आणि बऱ्या झालेल्या गाडीत दोष शोधत बसायचा मिस्त्री.

"आता उतरा," ते म्हणाले.

बाई क्रेट घेऊन उतरल्या. मिस्त्रींनी किल्ली फिरवली. निळी, टणक ठिणगी चटाचटा उडायला लागली.

बाईंनी क्रेट सावलीत ठेवला आणि बर्फाच्या थैल्या वर सारल्या. मिस्त्रींनी बाईंच्या बाजूचं सीट मागच्या खिट्टीवरून उचललं. खाली बॅटरी होती, आणि बॅटरीच्या पुढे सीट ज्या पट्टीवर टेकतं त्या लोखंडी पट्टीवर एक काळी वायर आडवी पडली होती. इंजिन बंद करायची वायर. किल्ली बंद केली की ही वायर गाडीच्या अंगाला टेकते आणि प्लगचा करंट तुटतो. इथे ती किल्लीशिवायच टेकत होती. सीटच्या कडेने दाबून दाबून तिचं रबर सोलून निघालं होतं आणि आतलं तांबं नखाएवढं चमकत होतं. साधा माणूस मागे रेलून बसला तर सीट तिथपर्यंत दबत नव्हतं. कडेवर सरकून, मांडीवर भरलेला क्रेट घेऊन, उतारावर, वर एक दणका, एवढं सगळं जुळून आलं की तांबं लोखंडाला लागत होतं. अठ्ठेचाळीस किलोचे मिस्त्री वर्षभर त्या सीटवर बसले असते तरी लागलं नसतं.

वायरची जागा पट्टीच्या खाली होती, क्लिपमध्ये. आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना रबराचे गट्टू असायला हवे होते. एक होता, एक नव्हता.

"हे असं कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री त्या वायरकडे बघत राहिले. ते सीट एकच माणूस उचलतो. तीन महिन्यांपूर्वी बॅटरी बदलली तेव्हा ऑफिसातून दोनदा निरोप आला होता, गाडी लगेच हवी, लगेच हवी. गट्टू घरंगळून गटारात गेला. दुसरा उद्या बसवू म्हणून सीट दाबून लावलं. वायर कुठून गेली ते बघितलंच नाही. आत्ता खिशातली टेप काढून दोन वेढे मारले असते आणि कनेक्शन सैल होतं म्हटलं असतं, तर जगात कोणाला कळलं नसतं. बाईंनासुद्धा नाही.

"मी," ते म्हणाले.

 ड्रायव्हरला दीड महिना शिव्या घातल्या त्या मिस्त्रींना एकामागून एक आठवत होत्या, आणि ड्रायव्हरच्या त्या हसण्याच्या आधीचं स्वतःचं वाक्यही. ते म्हणाले, बाई, चुकलं माझं, मला माफ करा.

"माफी राहू द्या," बाई म्हणाल्या. "ते तुम्ही चार जणांत बोललात. हेही चार जणांत सांगा."

मिस्त्रींनी टेप लावली, वायर पट्टीखाली घेतली, तारेच्या तुकड्याने बांधली. बाई क्रेट घेऊन तशाच सीटच्या कडेवर बसल्या. चौथं, तिसरं, दुसरं, पहिलं. बेडकी खाली आली.

वर्कशॉपच्या वहीत लिहायला मिस्त्रींना अर्धा तास लागला. हाताला पान्याची सवय, पेनाची नाही. लिहिलं ते असं : बॅटरी बदलताना मी सीटखालची वायर चुकीच्या जागी ठेवली व रबर बसवले नाही. त्यामुळे गाडी बंद पडत होती. लॅबच्या बाईंच्या नोंदींवरून दोष सापडला. त्यांच्याबद्दल मी बोललो ते खोटे होते. मग त्यांनी ड्रायव्हरला आणि गाळणीवरच्या दोघांना बोलावून ते वाचून दाखवलं. ड्रायव्हर म्हणाला, म्हणजे मी नव्हतो ना मिस्त्री? नव्हतास, मिस्त्री म्हणाले. ड्रायव्हरला पुढचे आठ दिवस हे वाक्य पुरलं.

साहेबांनी वही वाचली आणि तोंड वाकडं केलं. वरच्या ऑफिसला असं कसं पाठवणार, म्हणाले. 'तांत्रिक बिघाड दुरुस्त केला' एवढं पुरे. उगीच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेताय, निवृत्तीला वर्ष राहिलंय. मिस्त्री म्हणाले, वर काय पाठवायचं ते पाठवा, पण वहीतली ओळ खोडायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी या वहीत धड लिहिलंय, आणि तेही खोडायचं म्हणता? साहेब गेले.

इथे संपायला हवं होतं. पण माणसांना जे कळायचं तेच कळतं. पंधरा दिवसांत ड्रायव्हर पंपघरात सांगत होता, की जे मिस्त्रींना दीड महिन्यात जमलं नाही ते बाईंनी एका फेरीत केलं, बाईंचा हात गुणाचा. नवा पंप सुरू करायचा होता तेव्हा पंपघरातल्यांनी त्यांना मुद्दाम बोलावून आणलं आणि बटणाला तुम्हीच हात लावा म्हणून हट्ट धरला. बाई वैतागल्या. बटणाला हात न लावता त्यांनी विचारलं, पंपात तेल घातलंय का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीच घातलं नव्हतं. झालं, त्या दिवसापासून तर विचारूच नका. मिस्त्री कोपऱ्यात उभे होते. ओरडावंसं वाटलं, पण कोणाकोणावर ओरडणार? बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि डोळे वर केले, आणि दोघांमध्ये त्या दिवसानंतर पहिल्यांदा काहीतरी सुरळीत झालं.

मिस्त्रींनी त्या महिन्यात हौद्यात क्रेटसाठी एक चौकट बनवली. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर क्रेट अधांतरी बसेल आणि बाटलीला दणका लागणार नाही, अशी. बाईंनी ती हलवून बघितली, छान आहे म्हणाल्या, आणि क्रेट मांडीवर घेऊन वर गेल्या. पुढच्या फेरीलाही तेच. मिस्त्रींनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, वायर आधीच्याच दणक्यावर तपासून घेतेय, वीस फेऱ्या होऊ देत. मिस्त्रींना राग यायला हवा होता, पण बोलणं इतकं बरोबर होतं, की राग कुठून आणणार. ते दर सोमवारी सीट उचलून वायर बघायचे आणि वहीत सही करायचे.

विसाव्या फेरीच्या दिवशी ते बेडकीखालीच होते, ग्रीस भरत, आणि त्यांना वाटलं बाई सांगायला येतील. बाई आल्या नाहीत. क्रेट चौकटीत ठेवायला लागल्या, हे त्यांना ड्रायव्हरने सांगितलं. तेही चार दिवसांनी, आणि तेही गाडीचा आरसा कसा तुटला हे सांगता सांगता.